उलटे राहिलेले दगड

फाल्गुन सरत आला की आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेला तिचा खरा वास सुटतो. थंडीत बंद खिडक्यांमागे तो मुकाट पडून असतो. पण ऊन चढलं, छपराचा पत्रा तापला आणि भगवानभाऊंनी कपाटांची दारं उघडली की फॉर्मॅलिनचा तो डोळ्यांत उतरणारा, घशात रुतून बसणारा दर्प साखर कारखान्याकडून येणाऱ्या मळीच्या आंबूस-गोड वासात मिसळतो आणि शहाद्यातल्या त्या तापलेल्या दुपारी, उत्तरेला सातपुड्याची धुरकट रेघ आणि दक्षिणेला तापीकाठची केळी यांच्यामध्ये बसून, मला समुद्र आठवतो. आठवण तशी खोटीच. समुद्राला असला वास मुळीच येत नाही. पण पंचवीस वर्षं मी समुद्र शिकवला तो या वासातूनच आणि माझ्यापाशी शिकलेल्या कित्येक मुलांच्या मनात समुद्र म्हणजे काचेच्या बरणीतलं पिवळट पाणी आणि त्यात तरंगणारं काहीतरी पांढरं, एवढंच उरलं असेल, याची मला अलीकडे लाज वाटते.

मी रनाळ्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, पाट आणि पावसाळ्यात चार दिवस मिजास करणारा नाला. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी.ला असताना, बाविसाव्या वर्षी, आणि पाहिल्याबरोबर ओंजळ भरून चाखला, म्हणून पुढं वर्षभर मैत्रिणींनी माझी टर उडवली. नोकरीला लागल्यावर पहिलीच सहल घेऊन गेले तेव्हा हौसेनं खेकडे, समुद्रफुलं, गोगलगाई असं बरंच काही जिवंतच कॅनमध्ये भरून आणलं. वाटेत निम्मं पाणी सांडलं. शहाद्याला पोचल्यावर मी हौदातलं पाणी घेतलं, त्यात घरून आणलेलं खडेमीठ ढवळलं, जिभेवर थेंब घेऊन घेऊन खारटपणा अगदी समुद्रासारखा जुळवला आणि मोठ्या समाधानानं घरी गेले. सकाळी सगळे जीव तळाशी मरून पडलेले. आमचे प्रयोगशाळा परिचर भगवानभाऊ कॅनमध्ये वाकून पाहत म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यासनं वरन करी टाकं." खरंच, वरणच केलं होतं मी त्यांचं. हसले, मग दार लावून रडलेही, आणि मग ते सगळे जीव शांतपणे फॉर्मॅलिनमध्ये घातले. आमच्या संग्रहालयाचं पहिलं कपाट अशा रीतीनं भरलं.

पुढं त्याची रीतच पडली. दर वर्षी माघात कोकणातल्या एका खडकाळ किनाऱ्यावर सहल, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची बादली आणि प्रत्येकानं स्वतः गोळा केलेला, स्वतः टिकवलेला एक प्राणी प्रात्यक्षिक परीक्षेला बरणीत सादर करायचा. बरणी नसेल तर त्या भागाचे गुण नाहीत. हा नियम विद्यापीठाचा नव्हता, माझा होता. समुद्रापासून इतक्या लांबच्या मुलांनी समुद्राला निदान एकदा हात तरी लावावा, असा त्यामागे माझा भाबडा उदात्तपणा होता. तो खोटा नव्हता. पण वर्षामागून वर्षं त्याच्यावर बरण्यांची एवढी रास चढली की तो कुठल्या तरी मागच्या फळीवर ढकलला गेला. मधल्या काळात कायद्यानं काही समुद्री जिवांना हात लावायला बंदी आणली, तेव्हा मी यादी काढून भिंतीवर चिकटवली आणि ती यादी सोडून बाकीचं सगळं पूर्वीसारखंच गोळा करत राहिले. जे निषिद्ध नाही ते आपलंच, असं माणूस किती सहज धरून चालतो!

तर गेल्या माघातली सहल. त्या उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती आणि प्राचार्यांनी प्रत्येक विभागाला आपापलं काहीतरी ठसठशीत दाखवायला सांगितलं होतं. माझ्या कपाटात सगळं होतं, फक्त ऑक्टोपस नव्हता. इतक्या वर्षांत तो आम्हाला कधी सापडलाच नव्हता. एकदा दिसला होता, तोही शाई सोडून कपारीत निघून गेला. या वेळी ऑक्टोपस आणायचाच, असं मी बसमध्येच जाहीर करून टाकलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या तुकडीत सेवंती वसावे होती. अक्कलकुवा तालुक्यात मोलगीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावरची. वसतिगृहात राहायची, आईवडील तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. घरी भिली बोलणारी ही मुलगी वर्गात पुस्तकातली मराठी जपून, शब्द पारखून वापरायची. त्यामुळे ती बोलायला लागली की मला उगाचच पुढचं वाक्य तिच्या तोंडात घालायची घाई व्हायची. ही माझी वाईट खोड. तिला पुढं शिकायचं होतं आणि त्यासाठी तिला चांगल्या श्रेणीची गरज होती, हे तिनं एकदा मी न विचारता सांगितलं होतं. ती मनातलं क्वचितच सांगे, म्हणून ते लक्षात राहिलं.

अमावस्येची ओहोटी होती. अशा पहाटे पाणी इतकं मागं सरतं की एरवी समुद्राच्या पोटात असलेला खडकांचा एक आख्खा प्रदेश तासा-दोन तासांसाठी उघडा पडतो; ओल्या शेवाळाचा, मिठाचा, कालवांचा गार वास अंगावर येतो आणि उजाडता उजाडता खडकातल्या खळग्यांत आकाशाचे लहान लहान तुकडे चमकू लागतात. आमची मुलं वेड्यासारखी पांगली. दगड उलटायचा, खाली दडलेलं टिपायचं, बादलीत टाकायचं, पुढच्या दगडाकडं जायचं. मीच शिकवलं होतं तसं. वेळ थोडा असतो. भरती थांबत नाही.

सेवंती मात्र एकाच ठिकाणी रेंगाळत होती. ती दगड दोन्ही हातांनी हळूच एका बाजूनं उचलायची, वाकून पाहायची आणि मग तो जसा होता तसा, त्याच खळीत, तीच बाजू वर करून बसवायची. बसला नाही तर पुन्हा उचलून नीट बसवायची. बादली कोरडीच. मी जवळ जाऊन करवादले, "अगं, पाणी चढायला लागेल आता. दगड काय रचत बसलीस? चूल मांडायचीय का इथं?"

ती ओशाळून हसली. म्हणाली, "मॅडम, सवय आहे. आमच्याकडं नाल्यात खेकडे धरतात ना, तेव्हा दगड परत ठेवायला लागतो. उलटा सोडला तर आई ओरडते. त्याच्याखाली मग कोणी राहायला येत नाही."

"हा नाला नाही, समुद्र आहे," मी म्हणाले. प्राध्यापकाला न शोभणारं हे वाक्य मी अगदी प्राध्यापकी आवाजात म्हणाले आणि ताडताड पुढं जायला वळले. वळले म्हणून मागचं सगळं एकदम दिसलं. तोवर सूर्य वर आला होता. मी ज्या वाटेनं आले होते ती वाट खडकांवर स्पष्ट उमटली होती. उलटे पडलेले दगड ओळीनं पार वरच्या रेतीपर्यंत दिसत होते. शेवाळाची बाजू खाली चिरडलेली आणि अंधारात, ओलाव्यात राहणारी पोटाची बाजू आभाळाकडं उघडी. त्या बाजूंवर नारिंगी, जांभळ्या स्पंजांचे पापुद्रे होते, कुणाकुणाच्या अंड्यांच्या पट्ट्या होत्या, पांढऱ्या नळ्यांतून राहणारे किडे होते. सगळं कोवळ्या उन्हात सुकायला लागलं होतं. बादलीत आम्ही मोजके जीव टाकत होतो. बादलीबाहेर किती मारत होतो, याचा हिशेब इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी शिकवते ते शास्त्र याच्याबद्दलच तर बोलतं! वर्गात फळ्यावर मी अधिवासाची आकृती काढते, खडूनं रंग भरते.

पण माणूस एका क्षणात सुधारत नाही. मी परत जाऊन दोन-चार दगड सरळ केले असतील नसतील, एवढ्यात पाण्याच्या कडेशी उकिडवी बसलेली सेवंती हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तो आहे." मी धावले. मी पोचेपर्यंत तिनं दगड खाली टेकवला होता आणि ती तिथून उठून आठ-दहा पावलं अलीकडं आली होती.

"ऑक्टोपस? कुठंय?"

"आहे. पण अंड्यांवर बसलीय. दगडाला आतून अंडी चिकटवलीत, ज्वारीच्या दाण्यांसारखी, झुपके झुपके. मी उचलला तर ती पळाली नाही. नुसता रंग बदलला आणि हात पसरून त्यांच्यावर पडून राहिली."

काय सांगू, मला त्या वेळी आधी डोळ्यांसमोर बरणीच आली. अंड्यांसकट मादी! असा नमुना मोठमोठ्या संग्रहालयांत नसतो. मी तिला शास्त्र सांगू लागले. ही मादी अंडी फुटेपर्यंत काही खात नाही, त्यांच्यावर पाण्याची झुळूक सोडत बसते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. म्हणजे तशीही ती मरणारच आहे. आपण नेली तर निदान शेकडो मुलांना शिकायला मिळेल. हे सगळं खरं होतं. खरं असूनही ते बोलताना माझा आवाज बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईसारखा लागत होता.

सेवंतीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तर नकोच, मॅडम. ती त्याच्यासाठीच बसलीय."

"कुठल्या दगडाखाली आहे ते सांग."

वर्गात कधी उलट उत्तर न दिलेली, हजेरीला उभी राहून 'हजर' म्हणणारी ही मुलगी ओल्या सलवारीनं माझ्यासमोर उभी होती आणि माझ्या डोळ्यांत पाहत नव्हती, पण सांगतही नव्हती. इतर मुलं भोवती जमली. माझा चारचौघांत पाणउतारा होतोय असं मला वाटलं आणि मी म्हणू नये ते म्हणाले, "तुझी बादली रिकामी आहे. परीक्षेला बरणी नसेल तर गुण मिळणार नाहीत, माहीत आहे ना?" तिनं मान हलवली. माहीत होतं. पाण्याची पहिली लाट खडकांच्या भेगांतून आत शिरली, मग दुसरी, आणि पाहता पाहता तो सगळा प्रदेश आपापले दगड घेऊन पाण्याखाली गेला. मी रागारागानं काठावर आले. राग तिचा होता की स्वतःचा, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसली होती. कुणी तिच्याशी बोललं नाही. मी तर नाहीच. पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि विचारलं, "मॅडम, ती अंडी किती दिवसांनी फुटतात?" मी हजेरीपटातून मान वर न करता सांगितलं, "पाणी उबदार असेल तर महिना, सव्वा महिना." तिनं वहीत लिहून घेतलं आणि गेली.

त्या महिन्यात समितीच्या तयारीसाठी मी आणि भगवानभाऊंनी सगळी कपाटं रिकामी केली. एरवी हे काम ते एकटे करतात. मी प्रत्येक बरणी हातात घेतली, पुसली, उजेडात धरली. तारामासे तर किती निघाले. एका जातीचे, एका आकाराचे, एका किनाऱ्यावरचे. भगवानभाऊ म्हणाले, "ह्या बठ्ठा एकसारखाच शेतस, मॅडम. कसाले इतला आनात?" एवढे कशाला आणले, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे निम्म्याहून अधिक बरण्यांवर चिठ्ठी नव्हती, किंवा होती तिची शाई उडून गेली होती. कुठं मिळाला, कधी, कशाखाली, कोणत्या पाण्यात, हे ज्याच्यासोबत लिहिलेलं नाही तो नमुना अभ्यासाच्या काडीच्या उपयोगाचा नसतो. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला सांगते. नमुने गोळा करूच नयेत असं मी तेव्हाही म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही. नीट लिहिलेली एक बरणी पुढच्या पिढ्यांना जे सांगू शकते ते शंभर छायाचित्रं सांगत नाहीत. पण एक. आणि नीट लिहिलेली. त्या दुपारी मी स्टुलावर बसून राहिले आणि खिडकीतून मोहाच्या फुलांनी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडं निघालेल्या दोघीजणी नजरेआड होईपर्यंत पाहत राहिले.

परीक्षा चैत्रात झाली. बाहेरच्या महाविद्यालयातले एक वयस्कर, शिस्तीचे परीक्षक आले होते. टेबलांवर एकेकाची बरणी आणि बरणीमागं तो तो विद्यार्थी. सेवंतीच्या टेबलावर बरणी नव्हती. तीन कागद होते. त्यावर तिनं ऑक्टोपसच्या मादीचं चित्र काढलं होतं, पेन्सिलीनं, आठवणीतून. खाली दगडाची लांबी-रुंदी बोटांच्या मापात, अंड्यांचे झुपके किती, मादीचा रंग आधी कोणता, मग कोणता, पाणी किती खोल, ओहोटी किती वाजताची, शेजारच्या दगडांखाली काय काय होतं, असं सगळं टिपलेलं. तो दगड किनाऱ्यावर नेमका कुठं, ती जागा तेवढी कोरी होती.

परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नमुना कुठाय?"

ती उभी होती. तिच्या ओठांची हालचाल सुरू झाली. ती वाक्य जुळवत होती. तिच्या तोंडात वाक्य घालायची माझी जुनी खोड मी त्या वेळी तरी आवरायला हवी होती. ती जे बोलली असती ते त्या खोलीत कुणीतरी ऐकणं आवश्यक होतं. पण मला तिचे गुण दिसत होते, तिचं पुढचं शिक्षण दिसत होतं, आणि मी घाईघाईनं मधेच बोलले, "सर, आमच्या विभागानं यंदापासून ठरवलंय. अंड्यांवरची मादी उचलायची नाही, जागेवर निरीक्षण करून नोंद आणायची. मीच तसं सांगितलं होतं."

परीक्षक खूष झाले. त्यांनी तिचे कागद लक्षपूर्वक वाचले, दोन प्रश्न विचारले, तिची उत्तरं ऐकून मान डोलावली, तिला भरघोस गुण दिले आणि अहवालात लिहिलं की मॅडमचा हा उपक्रम अनुकरणीय आहे. ते वाक्य प्राचार्यांच्या नजरेस पडलं. महिन्याभरानं समिती आली तेव्हा त्यांनी संग्रहालयासमोर उभं राहून तेच वाक्य समितीला ऐकवलं आणि ऑक्टोपस नसलेल्या माझ्या कपाटाचं कौतुक झालं. मी हात जोडून उभी होते. सेवंतीनं एकटीनं, गुण पणाला लावून जे केलं होतं, ते मी तिच्यादेखत उचलून माझ्या नावाची चिठ्ठी लावून मोकळी झाले होते. आयुष्यभर जे करत आले तेच, फक्त या वेळी बादलीशिवाय.

निकाल लागल्यावर दाखल्यावर माझी सही घ्यायला ती आली. तिला पाहिजे तिथं प्रवेश मिळत होता. बाहेर पावसाळी ढग जमले होते, पण पाऊस नव्हता. खोलीत नुसता उकाडा. मी पेन हातात घेऊन म्हणाले, "सेवंती, परीक्षेत मी खोटं बोलले. ते तुझं होतं."

"माहीत आहे, मॅडम," ती म्हणाली. "मी तिथंच होते ना."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हटलं की मी प्राचार्यांना सांगेन, लिहून देईन. ती म्हणाली, "आता तसा नियम झाला ना पण? पोरं आता दगड सरळ ठेवतील ना?" मी हो म्हणाले. तिला तेवढं पुरलं. ती गेल्यावर मी प्राचार्यांकडं जाऊन खरंच सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, जाऊ द्या हो, विभागाचंच नाव झालं. पण ते नंतर. त्याआधी, सही करता करता मी तिला आणखी एक विचारलं. अंडी फुटून कधीच गेली असणार, मादी केव्हाच मेली असणार, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून अगदी सहज, हसत हसत विचारलं, "आता तरी सांग बाई, कुठल्या दगडाखाली होती?"

ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहून हसली आणि दाखला घडी घालून पिशवीत ठेवत म्हणाली, "नको, मॅडम. चांगला दगड असला की तिथं दुसरी येते. आणि तुम्ही परत जाणार."

मला राग आला. नुकतीच माझी चूक मी कबूल केली होती, माफी मागण्याइतकी नमले होते, आणि ही मुलगी अजून माझ्यावर विश्वास टाकत नव्हती! ती नमस्कार करून निघाली, व्हरांड्यातून तिच्या चपलांचा आवाज लांब गेला, तरी माझा राग उतरला नाही. तो उतरायला कितीतरी दिवस लागले. आणि उतरला तेव्हा त्याच्याखाली काय होतं ते दिसलं. येत्या माघात पुन्हा मुलांना घेऊन जायचं आहे. या वेळी बादल्या नाहीत, प्रत्येकाच्या हाती वही असेल. उचललेला दगड मी स्वतः परत बसवीन, मुलांना बसवायला लावीन, आणि ते मनापासून करीन. पण पाणी मागं सरल्यावर, सगळी मुलं पांगल्यावर, माझी नजर पाण्याच्या कडेचे दगड एकेक करून चाचपत कशाच्या शोधात फिरेल, हे त्या मुलीला माहीत होतं, आणि आता मलाही माहीत आहे.